शेतांतलें गांडूळ आणि रानांतलें गांडूळ

(वाचावयाचा शास्त्रभाग : रोमकरांस पत्र, अध्याय १४, वचनें १३ ते २१)



रोम येथील मंडळींत दोन प्रकारचे लोक होते. कांहीं विश्वासांत बळकट होते. कोणतेंही अन्न स्वभावतःच विटाळलेलें नसतें, हें त्यांस प्रभूच्या कृपेनें उमगलें होतें. दुसरे दुर्बल होते. त्यांच्या मनांतून जुनें भय अजून गेलें नव्हतें, म्हणून ते मांस वर्ज्य करून भाजीपाल्यावर राहत. बळकटांचें ज्ञान खरें आहे, हें पौल प्रेषित साफ कबूल करितो. तरी तो आवरतो तो बळकटांसच. त्याच्या सांगण्याचा भाव असा कीं, तुझें खाणें निर्दोष असेल. पण त्या खाण्यानें देवानें उभारलेलें कांहीं ढासळत असेल आणि ज्याच्यासाठीं ख्रिस्तानें प्राण दिला तो भाऊ अडखळत असेल, तर तूं प्रीतीनें चालत नाहींस.

येथें पुष्कळांस कोडें पडतें. खाणारा वाईट नाहीं, खाणेंही वाईट नाहीं, तर मग नाश कशानें होतो? ह्या कोड्याचें उत्तर देवानें मातींत व मातींतल्या एका क्षुद्र जीवांत ठेविलें आहे. तें आपण आज वाचूं. त्याचा आरंभ आपल्या स्वतःच्या शेतांत होतो आणि शेवट समुद्रापलीकडच्या एका रानांत.

१. माती देवाच्या सावकाश कामानें होते

विहीर खणतांना तुम्हीं पाहिलेंच आहे. वर काळी माती लागते, तिच्या खालीं मुरूम आणि त्याच्या खालीं कातळ. ह्या तीन वस्तु दिसण्यांत वेगळ्या असल्या तरी पुष्कळ ठिकाणीं त्यांचें कूळ एकच असतें. आपल्या दक्षिणेच्या पठारावर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या पोटांतून तप्त रस वाहून आला, थरावर थर बसले आणि निवून त्यांचा काळा पाषाण झाला. त्याच पाषाणाची झीज होऊन आपली काळी जमीन बनली आहे.

ही झीज कोण करितें? दिवसां ऊन दगडास तापवितें, रात्रीं गारवा त्यास आकसवितो, आणि वर्षानुवर्षें असें होतां होतां त्यास बारीक चिरा पडतात. पावसाचें पाणी हवेंतील अंश घेऊन त्या चिरांत शिरतें व दगडाचे घटक हळूहळू विरघळवितें. जें दगडफूल आपण मसाल्यांत घालितों त्याच्या जातीचे चिवट जीव उघड्या दगडावर वस्ती करून त्यास पोखरितात. मग एखादें गवत मूळ धरितें, वाळतें, कुजतें. त्यावर दुसरें उगवतें. पानें, शेण, मेलेले किडे ह्यांस बुरशी व डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु कुजवितात, आणि दगडाच्या चुऱ्यांत तें सत्त्व मिसळलें म्हणजे तेव्हां कोठें त्यास माती म्हणावयाचें. बोटभर जाडीचा थर होण्यास शेंकडों वर्षें लागतात. उघड्या उतारावरील तोच थर एखाद्या वर्षीं वळवाच्या दोन सरींत ओढ्यास मिळतो.

उत्पत्तीच्या पुस्तकांत देवानें आदामास मातीपासून घडविलें असें सांगितलें आहे. मातीस देवानें इतका वेळ दिला, हें ध्यानांत ठेवा. मनुष्याच्या अंतःकरणाची जमीन तयार करण्यासही त्याला वेळ लागला तर आपण अधीर होण्याचें कारण नाहीं.

२. शेतांतलें गांडूळ हें देवाचें दान आहे

आतां ह्या कामांतील एका मजुराकडे पाहूं. गांडुळास डोळे नाहींत, दांत नाहींत, पाय नाहींत. तें आपल्या ओल्या कातडीनें श्वास घेतें. लोक त्यास तुच्छ मानितात. परंतु इंग्लंडांतील सेल्बोर्न गांवीं राहणारे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट ह्यांनीं १७७७ सालीं एका पत्रांत असा विचार मांडिला कीं, हा प्राणी सृष्टीच्या सांखळींतील हलका दुवा दिसला तरी तो नाहींसा झाल्यास मोठीच पोकळी पडेल. त्यांनीं हें रोज पायाखालीं पाहून लिहिलें.

पुढें चार्लस डार्विन ह्या विद्वानानें ह्याचा शोध चालविला. त्याच्या इतर मतांविषयीं ख्रिस्ती लोकांत पुष्कळ वाद झाले आहेत. पण गांडुळांविषयीं त्यानें दाखविलेला धीर कोणाही उपदेशकानें शिकण्यासारखा आहे. केंट परगण्यांतील आपल्या घराजवळच्या एका कुरणांत त्यानें १८४२ सालीं खडूचे तुकडे पसरविले आणि एकोणतीस वर्षें वाट पाहून १८७१ सालीं तेथें चर खणला. खडूचा पांढरा थर जमिनीखालीं सात इंचांवर सांपडला. कोणींही त्यावर माती टाकिली नव्हती. गांडुळें खालची माती गिळून वर विष्ठेच्या रूपानें टाकीत गेलीं आणि तेणेंकरून खडू खालीं खालीं गेला. १८८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत त्यानें हिशेब दिला कीं, इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं दर वर्षीं दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाते. तो पुढच्याच वर्षीं वारला.

गांडुळाच्या बिळांतून पाणी खोल मुरतें, मुळांस हवा मिळते, पाला जमिनींत ओढला जातो व त्याचें खत होतें. तुडवून घट्ट झालेली जमीन तें भुसभुशीत करितें. आपल्या देशांत गांडुळांच्या शेंकडों जाती पुरातन काळापासून आहेत, आणि येथील शेतें व रानें त्यांच्यासह वाढलीं आहेत. आज गांवोगांवीं शेतकरी गांडूळखताचे हौद बांधितात तें योग्यच आहे. ज्या उपदेशकास कोणी ओळखत नाहीं, जो पायीं वाड्यावाड्यांतून फिरतो आणि ज्याचें काम वरून दिसत नाहीं, त्यानें हा प्राणी पाहून समाधान मानावें. त्याच्या परिश्रमाचा थर वर्षांनीं मोजला जाईल.

येथवर सर्व गोड आहे. परंतु ह्याच प्राण्याची दुसरी एक हकीकत आहे, आणि पौलाचें म्हणणें तिच्यावांचून पुरतें कळत नाहीं.

३. तेंच गांडूळ रानाचा नाश करितें

उत्तर अमेरिकेंत पांच महासरोवरांच्या भोंवतीं मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन हीं राज्यें आहेत. फार प्राचीन काळीं त्या प्रदेशावर बर्फाचे प्रचंड थर बसले होते. तें बर्फ दहा हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीं वितळून मागें हटलें. त्याखालीं सांपडलेल्या भूमींत गांडूळ म्हणून उरलें नाहीं, आणि दक्षिणेकडील गांडुळें इतकीं सावकाश सरकतात कीं, तीं तेथवर पोहोंचलीं नाहींत. म्हणून त्या उघड्या भूमीवर जें रान उभें राहिलें तें गांडुळांवांचूनच वाढलें. ज्याच्या गोड रसाची साखर करितात तो मेपल वृक्ष त्या रानाचा राजा आहे.

गांडूळ नाहीं म्हणून तेथें पालापाचोळा कुजत नसे, असें समजूं नका. बुरशी व सूक्ष्म जंतु तें काम करीतच होते; पण अगदीं धिमेपणानें. एका हंगामाचीं पानें पुरतीं कुजण्यास कित्येक वर्षें लागत, आणि तोंवर त्यांवर नवीं पानें पडत. असा तेथें जमिनीवर जाड, मऊ व ओलसर थर सांठला होता. त्या थरांत त्या रानाचें सर्व बाळपण होतें. मेपलचें बीं त्यांत रुजे. तीन पाकळ्यांचें ट्रिलियम नांवाचें रानफूल त्यांतून वर येई. ओव्हनबर्ड नांवाचा लहानसा पक्षी त्यांतच जमिनीवर घरटें करी. कोंवळीं मुळें त्या थरांत पसरत व तेथल्या बुरशीशीं सख्य करून पोषण घेत.

मग यूरोपांतून वस्ती करणारे लोक आले. त्यांनीं आणलेल्या रोपांच्या मुळांशीं असलेल्या मातींतून, आणि जहाजांच्या तळांत भारासाठीं भरलेल्या मातींतून गांडुळें त्या भूमीवर उतरलीं. कोणाच्या मनांत दुष्ट हेतु नव्हता. पुढें सरोवरांवर मासे धरणारे लोक गळास लावण्यासाठीं डबे भरभरून गांडुळें नेऊं लागले, आणि सायंकाळीं परततांना डब्यांत उरलेलीं गांडुळें कांठावरच ओतून देऊं लागले. त्यांस वाटे, जिवंत प्राण्यास मोकळें केलें, हें पुण्यच झालें.

त्या गांडुळांनीं जें शेतांत करितात तेंच केलें. त्यांनीं पानें खाल्लीं. पण शेतांत जें खाणें वरदान ठरतें त्यानें येथें रानाचें पांघरूण ओढून घेतलें. कैक शतकें टिकलेला थर थोड्याच वर्षांत नाहींसा होऊन खालची माती उघडी पडली. मिनेसोटा विद्यापीठांतील सिंडी हेल, ली फ्रेलिक व त्यांचे सोबती ह्यांनीं तेथील रानांत मापें घेऊन हा पालट प्रत्यक्ष नोंदविला. त्यांचे लेख २००५ व २००६ सालीं प्रसिद्ध झाले. जेथें गांडुळें अजून पोहोंचलीं नव्हतीं तेथें थर जाड व रोपें दाट होतीं. तेथून थोडीं पावलें मागें, जेथें तीं पुरतीं शिरलीं होतीं, तेथें थर संपला होता व रोपें विरळ झालीं होतीं. त्या थरांतच वाढणारा एक चिमुकला नेचा पुष्कळ जागांवरून नामशेष झाल्याचें दुसऱ्या शोधकांस आढळलें. घरट्यास आडोसा न उरल्यामुळें ओव्हनबर्ड पक्षीही अशा जागीं कमी झाले. जीं थोडीं रोपें उगवतात तीं उघड्यावर असल्यामुळें हरणें येऊन खुडून टाकितात.

आणि ह्यांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती वाचून मी पुष्कळ वेळ स्तब्ध बसलों. मोठे वृक्ष उभेच राहतात. दुरून पाहणाऱ्यास रान हिरवें दिसतें आणि कांहीं बिघडलें आहे असें त्याच्या मनांतही येत नाहीं. परंतु वृक्षांच्या पायाशीं लेंकरें नाहींत. ते म्हातारे वृक्ष पडल्यावर त्यांच्या जागीं कोण उभें राहील?

४. आपल्या मंडळींस हें लागू आहे

बंधूंनो, आपल्या मंडळ्यांकडे पाहा. जुनीं घराणीं उभीं आहेत, देऊळ उभें आहे, घंटा वाजते, दानपेटी फिरते. पण पायाशीं रोपें आहेत काय? शोध करणारीं नवीं माणसें, नुकता बाप्तिस्मा झालेलीं घरें, दारापर्यंत येऊन आंत येण्यास भिणारे शेजारी, हे कोठें गेले? जगाच्या मोहानें गेले, असें आपण लागलेंच म्हणतों. कांहीं खरोखर तसेच गेले असतील. पण कांहींचें पांघरूण आम्हींच खाऊन टाकिलें असेल, ह्याचाही विचार करूं या.

माझाच अपराध सांगतों. उपदेशकाच्या कामास लागून मला फार दिवस झाले नव्हते. एका वस्तीवर संध्याकाळच्या प्रार्थनेस एक म्हातारी आपल्या नातवास घेऊन येत असे आणि दाराशीं बसत असे. ती कांहीं बोलत नसे. पण गीत सुरू झालें कीं तिचे ओंठ हलत. एके दिवशीं त्या पोराच्या गळ्यांत दृष्ट लागूं नये म्हणून बांधलेला काळा दोरा मीं पाहिला. सर्वांच्या देखत मीं त्या दोऱ्यावर उपदेश केला आणि म्हातारीस म्हटलें, हा आत्तांच्या आत्तां तोड, नाहीं तर येथें येऊन काय उपयोग? मीं जें बोललों तें खरें होतें. दोऱ्यांत सामर्थ्य नाहीं, राखणारा देवच आहे. ती उठली, नातवाचा हात धरला आणि निघून गेली. पुन्हां ती आली नाहीं, आणि तो मुलगाही आला नाहीं. ज्या पोराची दोन मुलें तिनें पूर्वीं पुरलीं होतीं त्याचा हा एकुलता एक राहिलेला लेंक होता, हें मला मागाहून दुसऱ्या कोणी सांगितलें. तो दोरा तिच्या भयाचा होता आणि भयाखालीं विश्वासाचें बीं रुजत होतें. मीं भय काढावयास गेलों आणि बीं उघडें पाडिलें.

त्या रानांत गांडुळें येण्यापूर्वींही पानें कुजतच होतीं, हें विसरूं नका. त्या म्हातारीच्या ठायीं पवित्र आत्मा माझ्या आधीं येऊन कामास लागला होता. ती दारापर्यंत आली ती माझ्यामुळें नव्हे. मीं थोडा धीर धरिला असता आणि तिचें दुःख आधीं विचारिलें असतें, तर तिनें तो दोरा एक दिवस आपल्याच हातानें काढून ठेविला असता, अशी माझी आशा आहे.

कोणी म्हणेल, तर मग पापास पाप म्हणूं नये काय? तसें मुळींच नाहीं. ज्या जमिनीवर वर्षानुवर्षें पाय पडून ती दगडासारखी झाली आहे तिला पोखरणारा पाहिजे. जे जुने विश्वासणारे असून दारू, व्याजबट्टा, जातीचा गर्व व भाऊबंदकी सोडीत नाहींत, त्यांस तीक्ष्ण शब्द सांगणें हें उपदेशकाचें कर्तव्य आहे. आपल्या प्रभूनें परूश्यांस कठोर शब्द ऐकविले. पण त्यानेंच आपल्या शिष्यांस सांगितलें कीं, मला आणखी पुष्कळ सांगावयाचें आहे, परंतु तुम्हांस तें आतां पेलवणार नाहीं. सत्य त्याच्यापाशीं पूर्ण होतें, तरी ऐकणाऱ्याचें बळ पाहून त्यानें तें दिलें. पौलानेंही करिंथकरांस आधीं दूध पाजलें. दुर्दैवानें आपण बहुधा उलट करितों. श्रीमंत वडीलधाऱ्यापुढें आपली जीभ मऊ होते आणि दाराशीं बसलेल्या गरिबापुढें ती धारदार होते.

५. आतां काय करावें

पहिलें हें कीं, कोणास सुधारण्यापूर्वीं त्याच्या घरीं जाऊन बसा आणि त्याचें ऐका. ज्या गोष्टी आपणांस नुसता पालापाचोळा वाटतात त्यांच्याखालीं कोणतें कोंवळें मूळ आहे, हें पाहिल्यावांचून हात घालूं नका. आईबापांची माया, शेजाऱ्यांशीं रोजचें देणेंघेणें, भाकरीतुकड्याचा संबंध, हें सर्व एका दिवसांत तोडून नवा मनुष्य उघड्यावर उभा केला तर तो कोणाच्या आडोशानें जगेल? त्यासाठीं मंडळीनें आधीं आपला आडोसा तयार करावा.

दुसरें हें कीं, उरलेलें आमिष कोठें टाकितां तें संभाळा. त्या सरोवरांकांठच्या रानांस ज्यांनीं पुष्कळ अपाय केला ते मासे धरणारे होते, आणि तोही काम संपल्यावर. आपणांसही माणसें धरणारे म्हणून बोलाविलें आहे. उपदेश संपतो, आशीर्वाद होतो, आणि मग ओट्यावर बसून आपण उरलेले शब्द ओतूं लागतों: अमक्याची प्रार्थना कच्ची, तमकीच्या कपाळावर अजून कुंकू दिसतें, फलाण्यानें दान थोडें टाकिलें. आपण तें विसरून घरीं जातों. तें जमिनींत शिरतें व आपलें काम करीत राहतें.

तिसरें हें कीं, आशा सोडूं नका. गांडुळें आपल्या आपण पसरतात तीं फार सावकाश. वर्षास पांच-दहा मीटर इतकीच त्यांची चाल असते. मनुष्याच्या हातानें मात्र तीं एका दिवसांत कित्येक मैल जातात. म्हणून तेथील जाणते लोक मासे धरणाऱ्यांस विनवितात कीं, उरलेलीं गांडुळें रानांत न टाकितां कचऱ्यांत टाका. शिरलेलीं गांडुळें काढून टाकण्याचा उपाय नाहीं, पण जें रान अजून अभंग आहे तें केवळ हात आवरल्यानें राखतां येतें. माझ्या त्या म्हातारीस मी परत आणूं शकलों नाहीं. परंतु पुढच्या वस्तीवर दाराशीं जो कोणी बसेल त्याच्यापाशीं मला हात आवरतां येईल, आणि तुम्हांसही येईल.

येत्या शब्बाथ दिवशीं उपासनेस याल तेव्हां दाराकडे एकवार पाहा. तेथें कोणी बसलेलें असेल तर त्याच्या जवळ जाऊन बसा. उपदेश करूं नका. नांव विचारा, घरचें कुशल विचारा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तूं दगडाची माती केलीस व मातीचा मनुष्य केलास, आणि हें करितांना तूं घाई केली नाहींस. आम्हांस ज्ञान देतोस तसा धीरही दे. आमच्या शब्दांनीं ज्यांचें पांघरूण गेलें त्यांस तूं स्वतः झांक, आणि जीं रोपें अजून उभीं आहेत तीं आमच्या हातून राख. ज्यानें त्यांच्यासाठीं प्राण दिला त्या प्रभु येशू ख्रिस्ताच्या नामानें मागतों. आमेन.